कोकणातले शंभर किलोमीटर

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ४६ वर्षांच्या, पुण्यात बँकेत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गिअरची सायकल घेतली. दर रविवारी खडकवासला, पानशेत अशी साठ-सत्तर किलोमीटरची फेरी होते. एकदा एका दिवसात शंभरही झाले. दिवाळीनंतर ओळखीतल्या नऊ पुरुषांबरोबर त्या पुणे–गोवा मोहिमेला निघाल्या. ताम्हिणी उतरून पुढे किनाऱ्याकिनाऱ्यानं, सहा दिवस, रोज नव्वद-शंभर किलोमीटर. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सायकलला नवी, मऊ सीट बसवून घेतली होती. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दाभोळची खाडी ओलांडल्यावर उजवा गुडघा पुढच्या बाजूनं दुखायला लागला, दुपारी डोकं ठणकायला लागलं. चौथ्या दिवशी जयगडच्या पुढे त्या सामानाच्या टेम्पोत बसल्या आणि रत्नागिरीहून रेल्वेनं घरी परतल्या. बाकीचे गोव्याला पोचले. मिरामारच्या किनाऱ्यावरचा फोटो ग्रुपवर आला, त्यात त्या नव्हत्या. त्या लिहितात, "मी सगळ्यांना ओझं झाले. पाणीसुद्धा बेताबेतानं प्यायले, कारण माझ्या एकटीसाठी सगळ्यांना कुठे थांबवायचं? छोट्या गिअरवर फार मागे पडते म्हणून जड गिअरवर रेटलं. तरी नाहीच जमलं. नवरा म्हणतो, हौस झाली ना, आता सायकल विकून टाक. जानेवारीत ग्रुप गोकर्णला निघालाय. नाव देऊ, एकटीनं जाऊन गोवा पुरा करून दाखवू, की या वयात हे रविवारपुरतंच ठेवू?"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातल्या सगळ्या ओळींमध्ये मला काळजी वाटली ती पाण्याच्या ओळीची. ती तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. वयाबद्दल, दमाबद्दल, ग्रुपबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत आणि तिसऱ्या दिवशी डोकं का ठणकलं याचं उत्तर मात्र एका वाक्यात उरकलंत. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कोकणात नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही दुपारी पारा तिशीच्या वर असतो आणि हवेत दमटपणा. पुण्याच्या कोरड्या हवेत घाम निघतो तसा वाळून जातो, अंग थंड राहतं. किनाऱ्यावर तो वाळत नाही, नुसता गळत राहतो; शरीर थंड होत नाही म्हणून आणखी घाम काढतं. अशा हवेत दिवसाचे सहा-सात तास पॅडेल मारायचं आणि पाणी बेतानं प्यायचं, हे ज्याला जमेल असा माणूस मला माहीत नाही. नऊ पुरुषांच्या घोळक्यात एकटी बाई असली, की ती पाणी का तोडते हे तुम्ही सांगायची गरज नाही. पुरुष रस्त्याच्या कडेला कुठेही थांबतात. बाईला आडोसा, दार, कडी लागते. ही अडचण तुमच्या एकटीची नव्हे, मोहिमेच्या आखणीची होती. रोजच्या टप्प्यात चहा कुठे, जेवण कुठे हे ठरवताना बाथरूम कुठे हेही ठरवायचं असतं, आणि ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

किनाऱ्याच्या रस्त्यावर हे अवघड नसतं. एसटी स्टँड, पेट्रोल पंप, मोठ्या देवस्थानांची भक्तनिवासं, आणि सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे अंगण असलेलं कुठलंही घर. "काकू, जरा बाथरूम वापरू का?" म्हटलं की कोकणातली काकू नाही म्हणत नाही, वर पाणी देते आणि कुठून आलात विचारते. दीड-दोन तासांनी असा एक थांबा ठरवून घ्यायचा. बायकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: खांद्यावरून पट्टे असलेली सायकलची पॅडेड चड्डी दिसायला कितीही व्यावसायिक वाटली तरी दर थांब्याला अर्धे कपडे उतरवायला लावते. साधी कमरेची घ्यावी. आत दुसरं काही घालायचं नाही, काचतं तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावायची, आणि ती रोज रात्री धुवायची, कितीही दमलं तरी.

पाण्याबरोबर मीठही लागतं. घामातून दोन्ही जातात. नुसतं पाणीच पीत राहिलं तरी अंगातलं मीठ पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी सुरू होऊ शकते. दिवसातून एखाददुसरी बाटली ओआरएसची असावी. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटर पाण्यातच कालवायचं, अंदाजानं नाही. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत हे तर वाटेत मिळतंच.

आता शंभर किलोमीटरबद्दल. तुम्ही लिहिता, "पुण्यात शंभर केले होते, मग इथे का नाही?" हा प्रश्न गैरसमजावर उभा आहे, आणि तो फक्त तुमचा नाही. पहिल्यांदा मोहिमेला निघणारे बहुतेक जण असंच गणित करतात: एका दिवसात शंभर झाले, म्हणजे सहा दिवसांत सहाशे.

कोकणचा किनारा नकाशावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात सह्याद्रीतून आलेल्या नद्यांनी जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उंचावरचे सपाट माळ, कापून काढलेले आहेत. गाव खाली, माडा-पोफळीत, समुद्राच्या पातळीला. रस्ता गावातून निघाला की शंभर-दीडशे मीटर चढून सड्यावर जातो, सड्यावर सावलीचं एक झाड नाही, आणि पुढच्या खाडीला पुन्हा तळापर्यंत उतरतो. बाणकोटची खाडी, दाभोळची, जयगडची, मधले लहान ओढे, प्रत्येकापाशी हेच. किनाऱ्यालगतच्या शंभर किलोमीटरमध्ये हजार-बाराशे मीटर चढ सहज जमा होतो. सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून वरपर्यंत एका दिवसात दोनदा चढावा, तेवढा. तो ही सलग येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतो, म्हणून लक्षात येत नाही. संध्याकाळी मांड्यांना मात्र कळतं. घाटात निदान एक लय लागते. इथे लय लागते न लागते तोच उतार, उतारावर वळणं आणि खड्डे, ब्रेक दाबून बोटं आखडतात, आणि खाली पोचल्या पोचल्या पुन्हा चढ.

म्हणून मोहिमेत किलोमीटर मोजण्याआधी चढ मोजायचा. मोबाइलवरच्या कुठल्याही सायकलच्या नकाशात दिवसाचा एकूण चढ दिसतो. माझा साधा हिशोब असा आहे: दिवसाचा चढ हजार मीटरच्या पुढे असेल, तर रविवारी जेवढं अंतर आरामात होतं त्याच्या साठ-सत्तर टक्केच धरायचं. तुमच्यासाठी ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास येतं. तुम्हाला शंभरच्या दिवसांत बसवलं होतं. तरी तुम्ही तीन दिवस चालवलीत.

आणि चाचणी खरी असते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. एका दिवसात अंतर तोडणं हे एक कौशल्य आहे. ब्रेव्हेवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करणारे सायकलस्वार, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करतात, त्यांचं मला कौतुकच आहे. पण ते करून माणूस घरी जाऊन झोपतो. मोहिमेत दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर, त्याच दुखऱ्या जागेवर परत बसायचं असतं. तुमचे सगळे रविवार एकेकटे होते. पुढे सोमवार होता, बँक होती, सहा दिवस विश्रांती होती. शनिवार-रविवार लागोपाठ, सामानासकट, असा सराव तुम्ही केलेला पत्रात कुठे दिसत नाही. लोक इथेच चुकतात, तरुणही चुकतात.

गुडघ्याकडे येते. तुम्ही तो वयाच्या खात्यात टाकून मोकळ्या झालात. घाई करू नका. दुखणं वाटीच्या पुढच्या बाजूला होतं असं तुम्ही लिहिलंय, आणि पुढचं दुखणं बहुधा दोन गोष्टींतून येतं: सीट खाली असणं आणि जड गिअरवर रेटणं. मागच्या बाजूला, खोबणीत दुखलं, तर सीट जास्त वर आहे का ते बघतात. आता तुमची नवी सीट आठवा. तिची जाडी जुनीपेक्षा कमी असेल, किंवा बसल्यावर ती जास्त दबत असेल, तर बसण्याची उंची तुमच्या नकळत कमी झाली. एक-दीड सेंटीमीटरनं काय होतंय असं वाटेल. मिनिटाला साठ फेरे धरले तरी गुडघा तासाला ३६०० वेळा वाकतो. सहा तासांत एकवीस हजारांहून जास्त वेळा. त्यात प्रत्येक चढाला जड गिअर. गुडघ्यानं तीन दिवस ऐकलं हेच पुष्कळ.

घरीच बघा: भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पॅडेलवर ठेवा आणि पॅडेल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग पाऊल नेहमीसारखं, चवड्यावर ठेवलं की गुडघ्यात थोडा वाक उरतो, तेवढा हवाच. उंची जमली की सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे दुरुस्तीला सायकल दिली तरी परत तिथेच बसवता येईल. मोहिमेआधीच्या महिन्यात सीट, बूट, हँडल यांतलं काहीही बदलायचं नाही. नवं काही घ्यायचं असेल तर त्यावर दोन-तीनशे किलोमीटर होऊ द्यायचे.

छोट्या गिअरची लाज बाळगू नका. तो चढासाठीच दिलेला असतो. ताशी सहाच्या वेगानं, पाय भराभर फिरवत वर जाणारी बाई वर पोचते आणि दुसऱ्या दिवशीही निघते. त्याहून चढ तीव्र असेल तर उतरून सायकल ढकलत न्यावी, त्यातही कमीपणा नाही. मात्र एक बजावते. परत येऊन इतके दिवस झाल्यावरही जिना उतरताना दुखत असेल, सूज असेल, किंवा गुडघा मध्येच अडकल्यासारखा होत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्या. सीटच्या उंचीनं सगळंच बरं होतं असं मी म्हणणार नाही.

"ओझं झाले" हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. दहा जणांची मोहीम सगळ्यात पुढच्या माणसाच्या वेगानं आखली, तर मागे कुणी ना कुणी राहणारच. या वेळी तुम्ही होतात. जाणते लोक एक साधी गोष्ट करतात: चांगला दम असलेला एक गडी ठरवून शेवटी ठेवतात, आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही असा नियम असतो. हा गडी रोज बदलतो. तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणी होतं का? तुम्ही लिहिलंय की दाभोळनंतर दोन तास मागेपुढे कुणी दिसलं नाही. म्हणजे नव्हतं. मोहिमा काढणाऱ्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, टेम्पो ठरवण्याआधी हा माणूस ठरवा. टेम्पो मोडलेली सायकल उचलतो; "थांबूया का जरा?" असं विचारायला माणूसच लागतो.

टेम्पोत बसल्याचा सल तुम्हाला सगळ्यात जास्त आहे असं दिसतं. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले होते. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर करून मुंबईला परतले. उरलेल्या तिघांनी प्रवास पुरा केला नाही. एक जण अमेरिकेतच राहिला, दोघं वाटेतून घरी आले. मला त्या वाटेतून आलेल्यांबद्दल नेहमी आदर वाटतो. आपलं शरीर, आपली परिस्थिती, आपलं मन कुठवर नेतंय हे ओळखून परदेशातून एकट्यानं मागे फिरायलाही हिंमत लागते. दुखऱ्या गुडघ्यानं रत्नागिरीआधीचे आरे-वारेचे चढ रेटले असते तर तुम्ही कदाचित मिरामारच्या फोटोत असता, आणि कदाचित आज डॉक्टरांच्या रांगेतही असता. जयगडनंतर थांबलात हा त्या मोहिमेतला तुमचा सगळ्यात शहाणा निर्णय होता.

तुम्ही तीन वाटा लिहिल्यात. त्यांतली गोकर्णची वाट मी आताच बंद करते. गुडघा अजून कळलेला नाही, दिवसाचे टप्पे पुन्हा तसेच लांब असणार, आणि तुम्ही पुन्हा पाणी तोडणार, कारण मनात "या वेळी मागे पडायचं नाही" हेच असेल. ग्रुपशी संबंध तोडू नका, चांगली माणसं आहेत असं तुम्हीच म्हणता. फक्त आत्ता त्यांच्याबरोबर नको.

एकटीनं जाण्याला माझा कायमचा विरोध नाही. कोकणात एकट्या सायकल चालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांना घराघरातून आपुलकी मिळते. पण "पुरं करून दाखवू" हे तुमचे शब्द मला खटकतात. दाखवायला निघालेली बाई दुखलं तरी थांबत नाही, आणि एकटी असली की थांबवणारंही कुणी नसतं. आधी एका मैत्रिणीबरोबर जा. तुमच्याच वेगाची, शक्यतो तुमच्याहून थोडी हळू.

रविवारपुरतं ठेवायचं की नाही हे मी ठरवू शकत नाही. त्यात गैर काहीच नाही, पुष्कळ लोक त्यातच आनंदात आहेत. पण तुमच्या पत्रात केळशी ते आंजर्ले रस्त्याबद्दल, वेसवीच्या जेट्टीवर खाल्लेल्या भज्यांबद्दल, खाडीतून बोटीनं जाताना सायकलला टेकून उभं राहण्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला नाही वाटत तुम्ही रविवारवर समाधान मानाल.

तर असं करा. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर आधी दोन आठवडे फक्त सपाटीवर, हलक्या गिअरवर. मग एक शनिवार-रविवार लागोपाठ, दोन्ही दिवस चाळीस-पन्नास किलोमीटर, मधली रात्र बाहेर. मुळशीच्या बाजूला जा किंवा भोरला. ज्या सामानानिशी मोहिमेला जाल तेच सामान घेऊन जा. सामान पाठीवर नको. पाठपिशवीचं वजन सीटवर आणि मनगटांवर येतं, पाठ घामानं उकडते. मागे कॅरिअर लावून दोन बाजूंना पिशव्या अडकवा. दोन जोड कपडे पुरतात. रविवारी सकाळी उठून सायकलवर बसावंसं वाटलं का, तेवढंच बघा. नाही वाटलं तर अंतर आणखी कमी करून पुढच्या पंधरवड्यात पुन्हा.

ते जमलं की तीन दिवसांची मोहीम. मी तुम्हाला मांडवा ते हरिहरेश्वर सुचवेन. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून गाड्या वाहून नेणाऱ्या रो-रो बोटीनं सायकलसकट मांडव्याला उतरता येतं. पहिल्या दिवशी अलिबाग, रेवदंडा, काशिद करत मुरूड. यातला बराचसा रस्ता सोपा आहे, चढ थोडे. दुसऱ्या दिवशी जंजिरा बघून आगरदांड्याच्या जेट्टीवरून बोटीनं दिघीला, आणि पुढे दिवेआगर. दिवस मुद्दाम लहान ठेवलाय, कारण दुसरा दिवसच अंगावर येतो. तिसऱ्या दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. हा रस्ता कितीतरी ठिकाणी समुद्राला अगदी लागून जातो. परतीला माणगावपर्यंत छोटा टेम्पो आधीच ठरवून ठेवा. सायकल रेल्वेनं आणायची तर पार्सल कार्यालयात ती वेगळी बुक करावी लागते, आणि प्रत्येक स्टेशनावर ते जमेलच असं नाही, म्हणून परतीचा भरवसा त्यावर ठेवू नका.

सकाळी साडेसहाच्या सुमारास तांबडं फुटताना निघायचं, पुढेमागे दिवे लावून, आणि अकरा-साडेअकरापर्यंत दिवसाचं मोठं काम उरकायचं. भूक लागायची वाट बघायची नाही; पाऊण तासाला केळं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू असं काहीतरी तोंडात टाकायचं. भूक लागली म्हणजे उशीर झालेला असतो, मग पुढचा तासभर पायात त्राण येत नाही. रात्रीचं जेवण घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी दुपारीच फोन करून सांगायचं, ऐन वेळी गेलं तर कोकणात चूल विझलेली असते. हातांना मुंग्या येत असतील तर हँडलवरची पकड दर थोड्या वेळानं बदलायची आणि हातमोजे घालायचे. हत्यारांमध्ये दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, अॅलन कीचा संच. तुमच्या सायकलचे व्हॉल्व बारीक, प्रेस्टा प्रकारचे असतील तर त्या ट्यूब गावच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, आणि दुकानातला पंपही लागत नाही. पितळेचा छोटा अॅडॅप्टर जवळ ठेवा. पंक्चर काढायला घरी बसून चार वेळा शिका. मैत्रिणीलाही शिकवा.

तुमच्या यजमानांबद्दल. रत्नागिरीहून लंगडत परत आलेली बायको त्यांनी पाहिली आणि "विकून टाक" म्हणाले. ते मला काळजीचं वाटतं. त्यांना तुम्ही वेसवीच्या जेट्टीबद्दल सांगितलंत का, की फक्त गुडघ्याबद्दल? दुसऱ्या मुक्कामाला त्यांना दिवेआगरला बोलवा. गाडीनं येऊ देत, सुपारीच्या बागेत राहू देत, तुम्हाला जेट्टीवरून सायकल चालवत येताना बघू देत. विकायचं की ठेवायचं हे त्यानंतर दोघांनी मिळून बोला.

तारखेचं आताच बघा. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार बँकेला सुट्टीच असते, रविवार जोडून येतो. शुक्रवारची एक रजा टाकली की तीन दिवस होतात, सोमवारी कामावर. पुढे ढकललंत तर मार्चअखेरीच्या हिशेबात तुम्हाला रजा मिळणार नाही, आणि तोवर किनाऱ्यावरचं ऊनही सोसण्यापलीकडे गेलेलं असेल. रजेचा अर्ज या आठवड्यात द्या.